नकाराचे पत्र



या व्याख्यानमालेत संतसाहित्यावर, नाटकावर, इतिहासावर बोलणारी जाणती माणसे येऊन गेली. मी साहित्यिक नाही. बेळगावात होमिओपॅथीचा दवाखाना चालवतो. मंडळाचे कार्यवाह निमंत्रण घेऊन आले तेव्हा मी खरे तर नाही म्हणालो होतो. पण ते इतके गुळमुळीत म्हणालो, की त्यांनी तो होकार समजला आणि माझे नाव निमंत्रणपत्रिकेत छापून टाकले. मग विषय कुठला, हा प्रश्न उरलाच नाही. नाही कसे म्हणावे, आणि ते कागदावर कसे लिहावे, यावर मी आज बोलणार आहे.

विषय किरकोळ वाटेल. पण तुमच्यापैकी बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या समितीवर आहात. कोणी शाळेच्या, कोणी वाचनालयाच्या, कोणी सोसायटीच्या, कोणी देवस्थानच्या. नोकरीसाठी, प्रवेशासाठी, कर्जासाठी, शिष्यवृत्तीसाठी तुमच्याकडे अर्ज येतात. जागा पाच आणि अर्ज पन्नास असतात. पाच जणांना कळवणे सोपे असते. उरलेल्या पंचेचाळीस जणांचे आपण काय करतो, हे ज्याने त्याने मनाशी आठवून पाहावे. बहुतेक ठिकाणी काहीच करत नाही. कळले नाही म्हणजे झाले नाही, हे त्यांनी आपले आपण समजून घ्यावे, अशी आपली अपेक्षा असते.

‘नाही’ हा शब्द आपल्याला जड जातो. स्थळ आले आणि पसंत नसले, तर पत्रिका जुळत नाही म्हणायचे. ज्या घरांत पत्रिका बघतच नाहीत, त्या घरांतही त्या वेळेपुरती पत्रिका निघते. उसने पैसे मागायला कोणी आला की ‘बघू’. लग्नाच्या आमंत्रणाला ‘येतो की’. आणि समितीचे उत्तर ठरलेले: ‘कळवतो’. या शब्दांत लबाडी असते असे मी म्हणणार नाही. समोरच्याचे तोंड उतरू नये, ही भल्या माणसाची इच्छा त्यामागे असते. स्थळाच्या बाबतीत तर ती पद्धत उपयोगाचीही आहे. पत्रिका जुळत नाही याचा अर्थ दोन्ही घरांना कळतो आणि मुलीला कोणी नाव ठेवत नाही. अडचण कुठे येते? जिथे एका बाजूला तो अर्थ कळतो आणि दुसऱ्या बाजूला कळत नाही, तिथे. हे मी एका मुलाचे वर्ष घालवून शिकलो. ती हकीकत आधी सांगतो.

आमच्या समाजाचे मुलांचे एक वसतिगृह आहे. जुनी माणसे त्याला अजून बोर्डिंगच म्हणतात. खेड्यातली मुले दहावी होऊन पीयूसीसाठी शहरात येतात, त्यांची राहण्याजेवण्याची सोय तिथे होते. पंचवीसएक वर्षांपूर्वी मी त्याचा चिटणीस झालो. पहिल्याच जूनमध्ये माझ्यासमोर दीडशेवर अर्ज होते आणि रिकाम्या जागा बावीस. आधीचे चिटणीस न निवडलेल्यांना काहीच कळवत नसत. मला ते बरे वाटले नाही. मी ठरवले की प्रत्येकाला पत्र जाईल आणि ते गोड असेल. रात्री दवाखाना बंद झाल्यावर बसून मी मजकूर तयार केला. तो मला अजून पाठ आहे: ‘आपल्या मुलाचे गुण उत्तम आहेत. समितीला त्याचे कौतुक वाटले. तूर्त जागा उपलब्ध नसली तरी आपला अर्ज विचाराधीन आहे. जागा होताच अवश्य कळवू. लोभ असावा.’ वाचून मी स्वतःवरच खूश झालो होतो.

दिवाळीच्या आधी एका दुपारी रायबागकडचा एक शेतकरी दवाखान्यात आला. मला वाटले, पेशंट आहे. त्याने खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून घडी घातलेले ते पत्र काढले आणि विचारले, “डाक्टर, जागा झाली काय हो?”

मला आधी काही कळेना. मुलगा कुठे शिकतो म्हणून विचारले, तर म्हणाले, घरीच आहे. “तुम्ही कळवतो म्हटलासा, म्हणून थांबलो. भावकीतली म्हणत होती, दुसरीकडं घाल त्याला. मी म्हटलं, डाक्टरांचं पत्र आलंय.”

तोवर सगळ्या कॉलेजांचे प्रवेश कधीच बंद झाले होते. जागा होणार नाही, हे मला जूनमध्येच माहीत होते. बावीस मुले आली होती, त्यातले एकही परत जाणार नव्हते, आणि गेले असते तरी यादीत या मुलाच्या वर वीसेक नावे होती. ते मी त्यांना सांगितले. ते रागावले नाहीत. पत्राची पुन्हा तशीच घडी घातली, पिशवीत ठेवली, “बरं, येतो” म्हणाले आणि गेले. पुढच्या वर्षी त्या मुलाचा अर्ज आला नाही. चौकशी केली तेव्हा कळले, तो निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला लागला होता.

माझ्या पत्रात खोटे वाक्य एकही नव्हते, हे तुमच्या लक्षात आले असेल. गुण उत्तम होतेच. अर्ज फायलीत होता, म्हणजे विचाराधीन म्हणायला हरकत नव्हती. जागा झाली असती तर मी कळवलेही असते. शब्द न् शब्द खरा, आणि सगळे मिळून मुलाचे वर्ष गेले.

आमच्या धर्मात मुनींच्या आचाराला पाच समिती सांगितल्या आहेत. त्यातली दुसरी भाषासमिती. बोलावे कसे, तर हित, मित आणि प्रिय. लहानपणी पाठशाळेत हे तीन शब्द आम्ही सूर लावून म्हणत असू. त्या दुपारनंतर मला त्यांचा क्रम दिसला. शास्त्रकारांनी तो कशासाठी तसा ठेवला ते पंडित सांगतील. मला माझ्यापुरता अर्थ लागला. आधी ऐकणाऱ्याचे हित, मग मोजके बोलणे, आणि प्रिय शेवटी. मी प्रियापासून सुरुवात केली होती आणि हितापर्यंत पोचलोच नव्हतो.

पुढे मी पंधरासोळा वर्षे चिटणीस होतो आणि दरवर्षी शंभरावर नकाराची पत्रे लिहिली. त्यातून जे हाती लागले, ते तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट वेळेची. नकार लवकर गेला, तर तो सौम्य असतो. दुसऱ्या ठिकाणचा अर्ज भरायला चार दिवस शिल्लक असताना आलेले कोरडे पत्र हे मुदत संपल्यावर आलेल्या गोड पत्रापेक्षा कितीतरी बरे. आम्ही नियम केला, की निवडलेल्यांची आणि न निवडलेल्यांची पत्रे एकाच दिवशी टपालात पडतील. पूर्वी आधी निवडलेल्यांना कळवायचे आणि बाकीचे सवडीने, असे चाले. ती सवड कधी येत नसे.

दुसरी गोष्ट मायन्याची. सोळा वर्षांच्या मुलाला आपण सहज ‘चि.’ लिहितो. मी ‘श्री.’ लिहू लागलो. खेड्यातल्या त्या मुलाला त्याच्या नावावर आलेले ते बहुधा पहिलेच पत्र असते. पोस्टमन गल्लीत त्याच्या नावाने हाक मारतो. आत नकार आहे, तो आहेच. पण निदान नाव नीट असावे. आपल्या भागात अर्ज कानडीत, यादी इंग्रजीत आणि पत्र मराठीत, अशा प्रवासात नावाचे फार हाल होतात. नाव चुकले की वाचणाऱ्याला वाटते, आपला अर्ज यांनी वाचलाच नाही. आणि बऱ्याचदा त्याचे खरे असते.

तिसरी गोष्ट ‘नाही’ कुठे लिहायचे. पहिल्या वाक्यात. पत्र उघडणारा माणूस एकच गोष्ट शोधत असतो. आधी कौतुकाच्या चार ओळी आणि मग ‘परंतु’ आला, की त्या चार ओळी कडू होतात. पुढच्या वेळी कोणी खरे कौतुक केले, तरी तो ‘परंतु’ची वाट बघतो. दवाखान्यातही मी हे पाहिले आहे. रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टर हवापाण्याचे बोलू लागला की पेशंटचा चेहरा उतरतो.

चौथी गोष्ट शब्दांची, आणि ती या मंडळाच्या आवडीची असावी. आपल्या कचेरीच्या मराठीत नकाराला शब्द पुष्कळ आहेत. अर्ज फेटाळला, नामंजूर केला, अपात्र ठरवला, निवड होऊ शकली नाही. ‘फेटाळला’ ऐकले की कोणीतरी हात झटकल्यासारखे वाटते. ‘अपात्र’ हा शब्द त्या मुलाबद्दल बोलतो. त्याच्यात काहीतरी कमी आहे असे सांगतो, आणि कमी असते आमच्या खोल्यांत. म्हणून मी लिहू लागलो: ‘आम्ही तुम्हांला जागा देऊ शकत नाही.’ इथे बोलणारा आम्ही, न देणारेही आम्ही. ‘कळविण्यात येते की’ या प्रयोगाने कर्ता नाहीसा होतो. निर्णय आकाशातून पडल्यासारखा वाटतो आणि ज्याला विचारायचे आहे त्याला कोणाला विचारावे ते कळत नाही. पत्राखाली सही वाचता येईल अशी करावी, नाव लिहावे आणि भेटण्याची वेळ द्यावी. मी दवाखान्याची वेळ देत असे. शंभरातले चारपाच जण येत. त्यांच्यापुढे बसणे सुखाचे नसे, पण पत्र लिहिताना ‘हा माणूस उद्या समोर येईल’ हे डोक्यात राहिले की हात आपोआप जपून चालतो.

पाचवी गोष्ट कारणाची. कारण खरे द्यावे, नाहीतर देऊ नये. सोयीचे कारण सर्वांत वाईट. एका वर्षी गृहपालाच्या जागेसाठी एक निवृत्त शिक्षक आले होते. आमच्यातल्या काहींना ते वयाने जास्त वाटले, काहींना त्यांचा स्वभाव तापट वाटला. एका सभासदाने सुचवले, कानडी टायपिंग येत नाही असे लिहून टाका. मी लिहिले. दोन महिन्यांनी ते शिक्षक टायपिंगच्या परीक्षेचा दाखला घेऊन हजर झाले. साठीच्या माणसाने क्लास लावला होता. त्यांच्यापुढे मी काय बोललो, ते मला आठवत नाही. आठवत नाही ते बरेच आहे. कारण सांगता येण्यासारखे नसेल, तर ‘आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे’ एवढेच लिहावे. त्यात खोटे नाही, आणि त्या माणसाला नसत्या वाटेलाही ते लावत नाही.

सहावी गोष्ट आशेची. ‘पुढील वर्षी अवश्य अर्ज करावा’ हे वाक्य आपण शेवटी तोंडी लावल्यासारखे घालतो. ज्याला पुढच्या वर्षी खरोखर जागा मिळण्यासारखी आहे, त्यालाच ते लिहावे. उलट जिथे आशा नाही, तिथे ‘वाट पाहू नये’ हे तीन शब्द स्पष्ट लिहावेत. हे तीन शब्द लिहायला मला सर्वांत जड गेले, आणि सर्वांत उपयोगी तेच ठरले.

सातवी गोष्ट मी माझ्या धंद्यातून घेतली. पेशंटला मध्येच न अडवता त्याचे सगळे ऐकून घ्यावे, ही हानेमानची शिकवण आम्ही पहिल्या वर्षापासून घोकतो. पण ऐकून झाल्यावर कधी कधी सांगावे लागते, की हे माझ्या औषधाचे काम नाही. अपेंडिक्सचे दुखणे असते, छातीत गाठ असते. अशा वेळी गोळ्या देऊन ‘आठ दिवसांनी या’ म्हणणे हे पाप आहे. नुसते ‘माझ्याकडे नको’ म्हणून उठवून देणे हेही बरे नाही. मी सर्जनच्या नावाने चिठ्ठी लिहितो, काय दिसले ते त्यात मांडतो आणि उद्याच जा म्हणून सांगतो. नकाराचे पत्रही त्या चिठ्ठीसारखे असावे. आम्ही पत्रासोबत एक कागद जोडू लागलो. शहरातली सरकारी वसतिगृहे, इतर समाजांची सर्वांना खुली असलेली वसतिगृहे, शिष्यवृत्त्यांच्या मुदती. २०१४ साली केंद्र सरकारने जैन समाजाला अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले, त्यानंतर त्या कागदावर शिष्यवृत्तीच्या आणखी काही वाटा आल्या. हा कागद दरवर्षी तपासून घ्यावा लागतो. बंद पडलेल्या ठिकाणाचा पत्ता देणे म्हणजे दुसऱ्यांदा नकार देणे. आणि अर्जासोबत घेतलेली मूळ कागदपत्रे त्याच पाकिटातून परत जावीत. दाखला आणि गुणपत्रक आमच्या कपाटात अडकले, तर तो मुलगा दुसरीकडे अर्ज तरी कशाच्या जोरावर करणार?

आठवी गोष्ट भाषेची. ती मी जरा भीत भीत सांगतो. आमच्याकडे अथणी, गोकाक भागातून कानडीत लिहिलेले अर्ज येत. आमची उत्तरे मराठीत छापलेली. एका मुलाने मला नंतर सांगितले, की ते पत्र वाचून घ्यायला त्याला शेजाऱ्याकडे जावे लागले. त्याला जागा मिळाली नाही, हे त्याच्या आधी शेजाऱ्याला कळले आणि संध्याकाळपर्यंत गावाला. श्रोतेहो, कचेरीतून आलेला कागद आपल्याला वाचता येत नाही, तेव्हा काय वाटते, हे या सीमाभागात आपल्याहून जास्त कोणाला ठाऊक आहे? आपल्या भाषेत कागद मिळावा म्हणून आपण इतकी वर्षे मागणी करतो आहोत. तेव्हा आपल्याकडे अर्ज करणाऱ्यालाही त्याच्या भाषेत उत्तर मिळाले पाहिजे. ज्या भाषेत त्याने मागितले, त्याच भाषेत नाही म्हणावे. आम्ही दोन्ही भाषांत मजकूर तयार केला. त्याने मराठीचे काही कमी झाले नाही.

आता एक नमुना वाचून दाखवतो. आमच्या पत्राचा मजकूर शेवटी शेवटी असा झाला होता:

‘श्री. अमुक यांस, सप्रेम नमस्कार. यंदा आम्ही तुम्हांला वसतिगृहात जागा देऊ शकत नाही. जागा २२ होत्या आणि अर्ज १५० हून अधिक आले. ज्यांचे पालक हयात नाहीत आणि ज्यांना गावाहून रोज ये-जा करणे शक्य नाही, अशा मुलांना आम्ही आधी घेतले. त्या क्रमात तुमचे नाव खाली राहिले. तुमच्या गुणांशी या निर्णयाचा संबंध नाही. यंदा जागा रिकामी होईल म्हणून वाट पाहू नये, दुसरीकडे सोय करावी. त्यासाठी उपयोगी पडतील असे पत्ते व मुदती सोबतच्या कागदावर आहेत. तुमची मूळ कागदपत्रे परत पाठवली आहेत, ती मोजून घ्यावीत. काही विचारायचे असल्यास मी रोज संध्याकाळी ६ ते ८ या वेळेत दवाखान्यात भेटतो. कळावे.’

यात अलंकार नाही. प्रिय म्हणावे असे ‘सप्रेम नमस्कार’ तेवढे आहे. तरी या पत्राबद्दल कोणी तक्रार केली नाही, आणि हे पत्र घेऊन दिवाळीत कोणी आले नाही.

ओळखीच्या माणसांचे काय, असे तुम्ही विचाराल. पाहुण्यांचा, मित्रांचा, देणगीदारांचा मुलगा असतो. त्यांना तोंडी समजावून सांगू, पत्र कशाला, असे वाटते. माझा अनुभव उलटा आहे. तोंडी नकारात आपण हळूच दार किलकिले ठेवतो आणि मग फोन सुरू होतात. ओळखीच्या घरी आधी पत्र पाठवावे आणि मग स्वतः चहाला जावे. जाणे टाळू नये. एका घरी वर्षभर माझ्याशी कोणी बोलले नाही. दुसऱ्या वर्षी त्यांच्या सूनबाई औषधाला आल्या.

साहित्याच्या मंडळात बोलतो आहे, तेव्हा ‘साभार परत’ला विसरून चालणार नाही. मराठीत नकाराचा इतका सुटसुटीत शब्द दुसरा नाही. विद्यार्थीदशेत मीही कविता करत होतो. एका मासिकाकडे सहा वेळा पाठवल्या आणि सहा वेळा छापील चिठ्ठी आली. सातव्या वेळी दुसऱ्या एका संपादकांचे पोस्टकार्ड आले. दोनच ओळी होत्या: या कवितेतल्या उपमा तुमच्या नाहीत, वाचलेल्या आहेत, तुम्ही वैद्यकीचे विद्यार्थी आहात, तिथले काही लिहा. मला राग आला आणि मी कविता सोडली. चूक माझी. पण ते कार्ड मी ठेवले, सहा चिठ्ठ्या ठेवल्या नाहीत. ‘सत्यकथे’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रे लिहीत, परत आलेल्या कथेत काय बसले नाही ते सांगत, हे आपण सारे ऐकत आलो आहोत. प्रत्येक अर्जदाराला तसे पत्र लिहिणे कोणत्याही समितीला शक्य नाही, हे मी मान्य करतो. पण दीडशेत चारपाच जण असे असतात, की ज्यांना दोन ओळी हाताने लिहिल्या तर त्यांना त्या आयुष्यभर पुरतात. ते चारपाच ओळखता आले पाहिजेत.

शेवटी पुन्हा त्या रायबागच्या शेतकऱ्याकडे येतो. दशलक्षण पर्व संपले की आमच्यात क्षमावाणीचा दिवस असतो. वर्षभरात कळत नकळत ज्यांना दुखवले, त्यांची क्षमा मागायची. हल्ली त्याची छापील कार्डे मिळतात. मीही दरवर्षी दोनअडीचशे पाठवत असे, बहुतेक अशा लोकांना ज्यांना मी कधी दुखवले नव्हते. त्या प्रसंगानंतरच्या क्षमावाणीला मी रायबागच्या त्या पत्त्यावर हाताने पत्र लिहिले. जागा होणार नाही हे मला जूनमध्येच माहीत होते, ते मी तुम्हांला लिहिले नाही, त्यामुळे मुलाचे वर्ष गेले, ही माझी चूक आहे, एवढेच लिहिले. मुलाला पुन्हा शिकायचे असेल तर त्याची सोय मी बघतो, असेही लिहिले, आणि ते लिहिण्याआधी सोय खरोखर होते का, याची खात्री करून घेतली.

उत्तर आले नाही. त्यांनी ते द्यावे असा काही नियम नाही.

आता मी चिटणीस नाही. नवे चिटणीस तरुण आहेत आणि त्यांची पत्रे मोबाईलवर जातात. मजकूर मात्र बराचसा तोच आहे, हे पाहून बरे वाटते. तुमच्याही समित्यांच्या कपाटांत यंदाच्या जूनचे काही अर्ज अजून उत्तरावाचून पडलेले असतील. उद्या सकाळी ते काढावेत, एवढी विनंती करतो. उशीर झालेला असला तरी कळवावे.